विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ: शूटच्या आधी कोणते कागद हातात हवेत

बीएएमएमसीला (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनच्या बीएला) किंवा फिल्ममेकिंगच्या कोर्सला म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट असला की बरेच गट आधी लोकेशन बघतात, मग कॅमेरा भाड्याने आणतात आणि गाण्याच्या हक्कांचा विचार एडिट संपल्यावर करतात. क्रम नेमका उलटा हवा. लोकेशनला नकार आला तर दुसरं लोकेशन मिळतं. गाण्याला नकार आला, तर लिप-सिंक, नाच आणि प्रत्येक कट त्याच तालावर बांधलेला असल्यामुळे सगळी मेहनत पाण्यात जाते.

एक गाणं, तीन हक्क

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क वेगवेगळे असतात आणि मालकही बहुधा वेगळे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितेला आज कुणीही चाल लावू शकतं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांसाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार.

सगळ्यात जास्त फसगत अभंगांत होते. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण एखाद्या संगीतकाराने पन्नास वर्षांपूर्वी लावलेली चाल सर्वांची नाही, आणि ती रेकॉर्ड ज्या कंपनीने काढली तिचा हक्क आणखी वेगळा. तोच अभंग स्वतः नव्याने गायलात तर कंपनीची परवानगी टळते, संगीतकाराची टळत नाही. कलम ३१ सी मधली कव्हर व्हर्जनची, म्हणजे आधीचं गाणं नव्याने रेकॉर्ड करण्याची तरतूद इथे कामाला येत नाही, कारण ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे. चित्र जोडलं की ती संपली.

कलम ५२ विद्यार्थ्यांना सूट देतं, पण तिची हद्द लहान आहे. शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेला वापर चालतो. कॉलेजच्या उपक्रमात गाणं वाजवणं किंवा फिल्म दाखवणं चालतं, मात्र प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसं एवढेच हवेत. तोच व्हिडिओ यूट्यूबवर किंवा फेस्टिव्हलला गेला की या सवलतीवर विसंबता येत नाही. ‘आम्ही यातून पैसे कमावत नाही’ किंवा ‘खाली क्रेडिट दिलंय’ हे परवानगीऐवजी चालत नाही. कॉलेज फेस्टसाठी घेतलेला आयपीआरएस किंवा पीपीएल या संगीत-हक्क संस्थांचा परवानाही चालणार नाही, कारण तो कार्यक्रमात गाणं वाजवण्यापुरताच असतो.

परवानगीचं पत्र

आमच्या मते विद्यार्थ्यांसाठी उत्तम वाट म्हणजे आपल्याच वयाच्या एखाद्या बँडचं नवं, स्वतःचं गाणं. त्यांना व्हिडिओ हवा असतो, तुम्हाला गाणं. पण मैत्री आहे म्हणून व्हॉट्सअॅपवरच्या ‘हो रे, वापर’ वर थांबू नका. कायद्याला लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं, त्यामुळे राहून गेलेला हा एक शब्द पुढे महागात पडतो. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि कागदात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो आपोआप संपतो.

पत्रातलं मुख्य वाक्य साधारण असं असावं: ‘या गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण सदर व्हिडिओत चित्रासोबत वापरण्यास, तो व्हिडिओ परीक्षा, चित्रपट महोत्सव आणि इंटरनेटवर जगभर, १० वर्षांसाठी दाखवण्यास आम्ही संमती देत आहोत.’ खाली कवी, संगीतकार, गायक आणि रेकॉर्डिंगचा खर्च करणारा, अशा सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. ड्रमर किंवा बासरीवाला बाहेरून बोलावलेला असेल तर त्याचीही सही घ्या, कारण वादकालाही सादरकर्ता म्हणून हक्क असतो. व्हिडिओचा निर्माता कोण, कॉलेज की तुमचा गट, हेही याच वेळी कागदावर आणा. कायदा फिल्मचा पहिला हक्क निर्मात्याला देतो.

जागा

महाराष्ट्रातल्या सरकारी जागांसाठी गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी योजना आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, पणजी. अर्ज कुठेही करा, हे कागद तयार ठेवा: लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, गाण्याचे शब्द आणि दृश्यांचा सारांश, तारखा आणि वेळा, टीमची ओळखपत्रांसह यादी, गाड्या, लाइट आणि जनरेटरचा तपशील. ‘पुण्यात शूट’ एवढं लिहून भागत नाही. कुठला चौक, कुठली बाजू, किती वाजता, हे लागतं.

किल्ल्यांच्या बाबतीत दार चुकलं तर अर्ज नुसताच फिरत राहतो. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. रेल्वे स्टेशन हवं असेल तर त्या विभागीय रेल्वेच्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांकडे जायचं. मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला, पश्चिमचं चर्चगेटला, आणि कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ असल्याने ते बेलापूरला. रुळांवर उतरून मोबाइलवर पटकन शॉट घेणं कृपया टाळा. तो गुन्हा आहेच, पण त्याआधी तो जिवावरचा खेळ आहे.

ड्रोन असेल तर त्याची नोंदणी आणि डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते हे बघणं. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा असते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत.

लहान मुलं असतील तर

१४ वर्षांखालच्या कलाकारासाठी नुसती आईवडिलांची सही पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि पाच मुलांमागे एक जबाबदार मोठं माणूस. गट कितीही छोटा असला तरी हे पाळायचंच. थकलेलं मूल सहाव्या टेकला उभं करणं आम्हाला कुठल्याच कारणासाठी मान्य नाही.

नंतरचे कागद

यूट्यूबसाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. टीव्हीवर दाखवायचं असेल तर लागतं. अर्ज सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर करायचा.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, तरी वादात ती पुरावा म्हणून उभी राहते. अर्ज फॉर्म १४, शुल्क फिल्मसाठी ५,००० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००, शब्द किंवा चाल यांसाठी प्रत्येकी ५००. पैसे कमी असतील तर आधी शब्द आणि चाल नोंदवा. डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तपासनीस शंका काढतो तेव्हा पहिल्यांदा मागतो ती बँडची सही असलेली एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणून तिची मूळ प्रत एडिटच्या हार्ड डिस्कसोबत नाही, घरच्या फाइलमध्ये ठेवा.