सोळा प्रकार आणि नऊ प्रकार: एमबीटीआय व एनिॲग्राममधला फरक

"तुझा टाइप कोणता?" असं विचारलं की कुणी 'आयएनएफजे' म्हणतं, कुणी 'मी चार नंबर'. ऐकायला दोन्ही उत्तरं सारखीच, म्हणून स्वभावाचे प्रकार सांगणाऱ्या या दोन पद्धतींची, पहिल्या उत्तरातल्या एमबीटीआयची आणि दुसऱ्यातल्या एनिॲग्रामची, सर्रास गल्लत होते. पण आत्मपरीक्षणासाठी वापरायला गेलं की त्यांच्यातला फरक चांगलाच जाणवतो.

एमबीटीआयचं (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या विचारांत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली. अंतर्मुख की बहिर्मुख, तपशील की अंतःप्रेरणा, तर्क की भावना, आधी ठरवणारे की ऐनवेळचं ऐनवेळी पाहणारे: चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, सोळा प्रकार. यातून कल कळतो, कुवत नव्हे. तर्काकडे कल आला म्हणजे माणूस कोरडा, असं अजिबात नाही.

एनिॲग्राम म्हणजे नऊ टोकांची आकृती. ती गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकवली. तिच्यावर नऊ स्वभाव बसवले ते ऑस्कर इचाझोने, आणि क्लॉडिओ नारान्हो या चिलीच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात त्यांना मानसशास्त्राची जोड दिली. इथे प्रत्येक प्रकाराच्या मुळाशी एक विकार मानला आहे: राग, गर्व, मत्सर, भय, हाव वगैरे. षड्रिपू ऐकत वाढलेल्या माणसाला ही यादी परकी वाटणार नाही.

समजा, दोघी जणी प्रवासाला निघण्याआधी सगळं लिहून काढतात. एमबीटीआयमध्ये दोघी 'आधी ठरवणाऱ्या' निघू शकतील. एनिॲग्राम विचारेल: कशासाठी? एकीला चूक झालेली सहन होत नाही, ती एक नंबर. दुसरीला काहीतरी विपरीत घडेल ही धास्ती, ती सहा नंबर. वही तीच, पण पहिलीला जे सोडायला शिकायचं आहे ते दुसरीच्या गावीही नसेल. म्हणूनच आध्यात्मिक वाटेवर मला एनिॲग्राम जास्त उपयोगी वाटतं. तिथलं आपलं वर्णन पहिल्यांदा वाचताना टोचतं, आणि ते टोचायलाच हवं. एमबीटीआयने मला माझा नवरा गप्प का बसतो ते समजलं; तेही कमी नाही.

शास्त्र म्हणून मात्र दोन्ही कच्ची आहेत. एमबीटीआय प्रत्येक जोडीला मधोमध रेघ मारतं, त्यामुळे रेघेजवळचा माणूस परत चाचणी देतो तेव्हा त्याचं अक्षर सहज बदलतं. एनिॲग्रामच्या नऊ स्वभावांना हजारो वर्षांची गुप्त परंपरा असल्याचं सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. आणि "मी आठ नंबर, मी अशीच बोलणार" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. जे सैल करायचं, तेच घट्ट धरून बसायचं झालं हे.

मी एक नंबर. घरात दुसऱ्या कुणी घासलेलं भांडं मी उचलून उजेडात धरते, बोट फिरवते, परत घासायला घेते. हल्ली भांडं हातात आलं की आधी जबडा आवळलेला जाणवतो. कधी मी ते घासते, कधी तसंच फळीवर ठेवते.