नाशिक जिल्हा : लोकसंख्या, प्रशासन, अर्थव्यवस्था आणि धर्म

नाशिक जिल्हा : उत्तर महाराष्ट्रातील जिल्हा. 1869 मध्ये स्थापन. तालुके 15, क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौ. किमी. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 61,07,187 भरली. त्यात एकट्या नाशिक महापालिकेची 14,86,053. या जिल्ह्याच्या सरासरीवर मात्र विसंबू नये. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत पाऊस 3,000 मिमीच्या पुढे जातो, तर पूर्वेकडच्या येवला-नांदगाव पट्ट्यात तो 500 मिमीच्या आसपास अडखळतो. पिके, धंदे आणि वस्तीही बरीचशी या उतरणीप्रमाणेच बदलत जातात.

दर चार जिल्हावासीयांत एक अनुसूचित जमातीचा आहे. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत तर दहांत नऊहून अधिक लोक आदिवासी आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली आणि भिल्ल या तेथील मुख्य जमाती. मालेगाव-बागलाणकडे घरात अहिराणी चालते, मालेगाव शहरात उर्दू, सुरगाण्याकडे कोकणी (ही गोव्याची कोकणी नव्हे).

जिल्ह्यात नाशिक (1982) आणि मालेगाव (2001) अशा दोन महापालिका आहेत. ग्रामीण कारभार जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांकडे आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. तालुके 15 आणि विधानसभेच्या जागाही 15. पण दोन्हींचा मेळ बसत नाही. देवळ्याचा मतदार चांदवडच्या मतदारसंघात, पेठचा दिंडोरीच्या, सुरगाण्याचा कळवणच्या आणि त्र्यंबकेश्वरचा इगतपुरीच्या. उलट नाशिक आणि मालेगाव तालुके अनेक जागांत वाटले गेले आहेत. लोकसभेला नाशिक आणि दिंडोरी (अनुसूचित जमातींसाठी राखीव) हे मतदारसंघ आहेत; मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळ्याला जोडलेले. म्हणजे तिथे कलेक्टर नाशिकचा आणि खासदार धुळ्याचा. पत्ता लिहितानाही गफलती होतात : मनमाड हे मोठे जंक्शन असले तरी तालुका नांदगाव, सप्तशृंगी ‘वणीची देवी’ म्हणून ओळखली जाते, पण गड कळवण तालुक्यात आणि वणी गाव दिंडोरीत.

शेतीत नाव द्राक्षांचे मोठे, पण बाजार हलवतो तो कांदा. पोळ (खरीप), रांगडा (उशिराचा खरीप) आणि उन्हाळ (रब्बी) असे त्याचे तीन हंगाम. पहिले दोन लाल, त्यांत पाणी जास्त. काढले की विकावेच लागतात. टिकतो तो मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळ, आणि त्यासाठीच कांदाचाळ (कांदा साठवण्याची हवेशीर शेड) असते. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडतात आणि निम्म्या रोपांच्या माना (पातीचे बुंधे) पडल्या की काढणीला लागतात. काढलेला कांदा एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यांवर येईल असा तीन-चार दिवस शेतात पसरतात. मग इंचभर मान ठेवून पात कापतात आणि सावलीत सुकवतात. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, कप्प्याची रुंदी चार फूट, थर चार-पाच फुटांपर्यंतच. बाजूंना फटी ठेवून बांबू किंवा लाकडी पट्ट्या. एक पाखी (एका रांगेची) चाळ उत्तर-दक्षिण बांधतात, दुपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम. थर वाढवला की मधला माल उबतो आणि सडतो. युरिया उशिरापर्यंत दिला असेल तर मान जाड राहते, नीट मिटत नाही, आणि तिथूनच कीड-बुरशी आत शिरते. पावसाळी दमटपणात काजळी (काळी बुरशी) धरते, थंडी लागली की मोड येतात. व्यवस्थित साठवणीतही चार-पाच महिन्यांत वजन घटतेच. त्यामुळे सप्टेंबरचा चढा भाव हा सगळाच नफा नसतो. लिलाव लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजार समित्यांत गाडीवरच, क्विंटलमागे बोली लावून होतात. निर्यातबंदी आली की पडणारा भाव तिथे त्याच दिवशी दिसतो.

द्राक्षबागेची छाटणी दोनदा : एप्रिलमध्ये खरड (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरच्या सुमारास गोडी (फळासाठी). गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाउनी (केवडा हा बुरशीजन्य रोग) फुलोऱ्यातच घड जिरवते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे युरोपने माल नाकारला. तेव्हापासून फवारणीची नोंदवही बागेइतकीच जपली जाते. बागलाणात आगाप द्राक्ष आणि डाळिंब. डाळिंबाला तेल्या या जिवाणूजन्य रोगाने अनेकदा झोपवले आहे.

उद्योगांत सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय आणि नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, मालेगावचे यंत्रमाग, येवल्याची पैठणी.

बहुसंख्य हिंदू, मुस्लिम दहा-अकरा टक्क्यांच्या घरात, पण मालेगाव शहरात तीन चतुर्थांशांहून जास्त. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडात स्नान करतात, शैव त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात; एकाच पर्वाचा बंदोबस्त त्यामुळे दोन ठिकाणी लावावा लागतो. मागचा सिंहस्थ 2015 चा. त्र्यंबकेश्वरलाच संत निवृत्तिनाथांची समाधी असून पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांची यात्रा भरते. मांगीतुंगी आणि म्हसरूळजवळचे गजपंथ ही जैन तीर्थे, पांडवलेणी हा 24 बौद्ध लेण्यांचा समूह, नाशिकरोडला बाळ येशूचे देवालय. आधुनिक बौद्ध समाजाच्या इतिहासातली दोन ठिकाणे याच जिल्ह्यात आहेत : 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला ते काळाराम मंदिर, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवला.