झोपेचं मूळ पेशीच्या श्वासात

दिवसभर अंथरुणावर लोळून काढला तरी रात्री झोप येतेच. उलट, दिवसभर राबलेले स्नायू नुसतं स्वस्थ बसून राहिलं तरी सावरतात. त्यासाठी सात-आठ तास जगाचं भान सोडावं लागत नाही. झोप मागतो तो मेंदू, आणि ती मागणी टाळता येत नाही. शिकागो विद्यापीठात ॲलन रेक्टशाफेन यांनी १९८०च्या दशकात उंदरांना सलग जागं ठेवून पाहिलं. दोन-तीन आठवड्यांत ते उंदीर मेले. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे: ते उंदीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खात होते आणि तरीही त्यांचं वजन घटत होतं. झोपेचा आणि ऊर्जेचा कुठेतरी खोल संबंध आहे, याची ती खूण होती.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. चेतापेशीतून संदेश गेला की सोडियम आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो, आणि दोघांना पुन्हा जागच्या जागी नेण्यासाठी पेशीला एटीपी खर्चावा लागतो. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं चलन. त्याचा साठा फार नसतो, त्यामुळे ते सतत तयार करत राहावं लागतं. ते तयार होतं तंतुकणिकांमध्ये, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियामध्ये.

एटीपी वापरताना त्याचे फॉस्फेट एकेक करून सुटत जातात आणि शेवटी उरतं अ‍ॅडेनोसिन. आपण जागे असतो तोवर ते मेंदूत पेशींच्या बाहेर साचत जातं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना सहा तास खेळवून जागं ठेवलं, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या पुढच्या तळभागात अ‍ॅडेनोसिनचं प्रमाण वाढत गेलं, आणि झोप मिळाल्यावर पुन्हा उतरलं. चहा-कॉफीतलं कॅफिन काम करतं ते इथेच. अ‍ॅडेनोसिनने जिथे बसायचं, त्या ग्राहींवर कॅफिन आधीच जाऊन बसतं. झोपेची गरज त्याने कमी होत नाही, फक्त तिची खबर पोचत नाही. कॅफिनचा अंमल उतरला की मागची सगळी झोप एकदम अंगावर येते.

अ‍ॅडेनोसिनची ही गोष्ट खरी आहे, पण मला ती नेहमी अर्धीच वाटत आली आहे. ऊर्जा खर्च झाली म्हणून झोप येते, असं तिच्यावरून वाटतं. प्रश्न नुसत्या खर्चाचा असता, तर मेंदूने डोळे उघडे ठेवून थोडी उसंत घेतली असती तरी भागलं असतं. बेसावध पडून राहण्यात जिवाचा धोका असतो. एवढा धोका पत्करायला लावणारं काहीतरी आणखी मुळातलं असायला हवं.

ते काय असावं, याचा एक विलक्षण धागा ऑक्सफर्डमध्ये गेरो मीझेनबॉक यांच्या प्रयोगशाळेत हाती लागला, तोही फळमाशीच्या मेंदूत. ही इवलीशी माशी आपल्यासारखीच झोपते. जागं ठेवलं तर नंतर जास्त झोपून भरपाई करते. कॅफिनने तिचीही झोप उडते. तिच्या मेंदूच्या मध्यभागी काही मोजक्या चेतापेशी आहेत. त्या गप्प असतात तोवर माशी जागी, आणि त्या संदेश सोडू लागल्या की माशी झोपते. या संशोधकांनी झोपलेल्या आणि जागवलेल्या माश्यांच्या याच पेशी घेऊन त्यांत कोणती जनुकं जास्त चालू आहेत ते तपासलं. जागरणानंतर वाढलेली जनुकं जवळपास सगळी एकाच कामाची निघाली: तंतुकणिकांमधलं श्वसन आणि एटीपीची निर्मिती. तंतुकणिकाही बदललेल्या होत्या. त्यांचे लहान लहान तुकडे झाले होते, आणि पुरेशी झोप मिळाल्यावर त्या पूर्वीसारख्या झाल्या. २०२५ साली हे काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

असं का होतं, हे कळायला तंतुकणिकेच्या आत डोकवावं लागेल. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तिच्या पडद्यातली प्रथिनं एकमेकांकडे सोपवत जातात. विहिरीपासून माणसांची रांग लावून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसं. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाणी बनतं. वाटेत सुटलेल्या ऊर्जेतून प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी घडवतात. आता पेशीला एटीपी नकोच असेल तर? प्रोटॉन परत येत नाहीत, पलीकडे दाटी होते, रांग तुंबते. मागून इलेक्ट्रॉन मात्र येतच राहतात. मग बादल्या हिंदकळाव्यात तसे काही इलेक्ट्रॉन मध्येच सांडतात आणि भलत्याच ठिकाणी ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि ती पेशीच्या पडद्यांमधल्या मेदाला इजा करतात.

झोप आणणाऱ्या त्या पेशींवर जागेपणी नेमकी हीच पाळी येते. माशी जागी असते, खात असते, त्यामुळे इंधनाची रेलचेल असते. पण या पेशींना गप्प बसवलेलं असतं, म्हणून खर्च जवळजवळ नाही. झोपेचा दाब, म्हणजे जागेपणी वाढत जाणारी झोपेची गरज, इथे ऊर्जेच्या तुटवड्यातून येत नाही, न खपलेल्या ऊर्जेतून येतो! इतकी वर्षं आपण उलट्या टोकाने विचार करत होतो, आणि म्हणूनच हा शोध मला इतका मोलाचा वाटतो.

सांडलेल्या इलेक्ट्रॉनची नोंदही याच पेशी ठेवतात. त्यांच्यातल्या एका पोटॅशियम मार्गिकेला, म्हणजे पोटॅशियमला पेशीबाहेर पडू देणाऱ्या पडद्यातल्या वाटेला, हायपरकायनेटिक नावाचं प्रथिन जोडलेलं असतं. मेदाची इजा वाढत गेली की या प्रथिनाने धरून ठेवलेल्या रेणूचं ऑक्सिडीकरण होतं, मार्गिकेची चाल बदलते आणि पेशी भराभर संदेश सोडू लागते. माशी झोपते. पेशी कामाला लागली की एटीपी खपतं, तुंबलेली रांग मोकळी होते.

तर्क सुंदर आहे म्हणून तो खरा ठरत नाही. त्यामुळे या गटाने तो अनेक बाजूंनी तपासला, आणि ते प्रयोग मला शोधाइतकेच देखणे वाटतात. वनस्पतींत आणि काही साध्या सागरी प्राण्यांत एक विकर असतं, जे जादा इलेक्ट्रॉन आडवाटेने थेट ऑक्सिजनकडे पोचवतं. ते या पेशींत घातल्यावर गळती थांबली आणि माश्यांची झोप घटली. प्रोटॉनना परतीची दुसरी वाट करून दिली, तेव्हाही झोप घटली. मग उलटा प्रयोग. प्रकाश पडताच प्रोटॉन ढकलणारं एक प्रथिन तंतुकणिकांत बसवलं, म्हणजे एटीपी प्रकाशावरच बनू लागलं आणि अन्नातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना काम उरलं नाही. दिवा लावला आणि माश्या जास्त झोपू लागल्या.

सस्तन प्राण्यांत आणि माणसात हीच साखळी अशीच चालते, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. पण काही गोष्टी तिकडेच बोट दाखवतात. वजनाच्या मानाने ज्यांचा श्वसनाचा वेग जास्त, ते छोटे प्राणी सहसा जास्त झोपतात: तपकिरी वटवाघूळ दिवसाचे सुमारे २० तास, तर रानातला आफ्रिकी हत्ती सरासरी दोनच तास. तंतुकणिकांचे आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णांना कसलीही मेहनत न करता जबर थकवा येतो. त्यांच्या या तक्रारीकडे आता नव्या नजरेने पाहता येईल. आणि कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशला मेंदूच नसतो, तरी तीही रात्री मंदावते आणि जागवलं तर दुसऱ्या दिवशी सुस्त पडते, हे २०१७ साली दिसून आलं. मीझेनबॉक यांच्या मते झोपेची गरज ऑक्सिजनवर जगण्याइतकीच जुनी असू शकते. जेलीफिशकडे पाहिलं की ते पटायला लागतं, कारण मेंदू नसला तरी तंतुकणिका तिच्याकडेही आहेत.