फाइव्ह गार्डन्स, माटुंगा

मुंबईत दादर पारशी कॉलनी आणि माटुंग्याच्या सीमेवर एका चौकाभोवती असलेल्या पाच छोट्या बागा. मंचेरजी जोशी यांचं नाव बागांना दिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला फाइव्ह गार्डनच सांगायचं, दुसरं काही कळत नाही. इथे बघण्यासारखी जुनी वास्तू अशी नाही, वारसा आहे तो रस्त्यांच्या आखणीचा आणि झाडांचा.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराची गर्दी उत्तरेकडे हलवायला दादर-माटुंगा योजना आखली गेली. ट्रस्टमध्ये इंजिनियर असलेल्या जोशींनी त्यातले १०३ प्लॉट मध्यमवर्गीय पारशांसाठी राखून घेतले. योजना १८९९-१९०० ची, म्हणून बागाही तेव्हाच्याच असं धरण्याचा मोह होतो, पण कॉलनी मुख्यतः १९२० च्या दशकात उभी राहिली, त्यामुळे बागा आणि मोठी झाडं साधारण त्याच सुमाराची मानणं जास्त बरं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

जोशींनी रस्त्यागणिक वेगळ्या जातीची झाडं लावून घेतली, एका झाडाला कीड लागली तर सगळीकडे पसरू नये हा त्यामागचा विचार असं सांगतात. महोगनी आणि अशोकाच्या रांगा यातल्याच. पण हा ‘अशोक’ म्हणजे उंच सरळ वाढणारा आसुपालव, सीता अशोक नाही, दोघांची कुळंसुद्धा वेगळी (पहिला सीताफळाच्या कुळातला, दुसरा शेंगा येणाऱ्या झाडांच्या), आणि मराठीत हा घोळ इतका मुरलाय की नर्सरीतही अशोक मागितला तर बहुतेक वेळा आसुपालवच हातात पडतो. गुजराती बोलणाऱ्या पारशांना मात्र आसोपालव हेच नाव सवयीचं.

बागांमधलं सगळ्यात डोळ्यात भरणारं झाड म्हणजे रेन ट्री, विलायती शिरीष किंवा पर्जन्यवृक्ष. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. नावाबद्दल मतं बरीच आहेत. झाडातून पाणी टपकतं ही गोष्ट १८७० च्या दशकात पेरूमधून युरोपात पोचली, तेव्हा तो पाऊस नसून झाडावरच्या सिकाडा किड्यांनी रस पिऊन टाकलेलं पाणी आहे असा खुलासा रिचर्ड स्प्रूस या वनस्पतीशास्त्रज्ञाने केला. दुसरं मत असं की ढग दाटले की आणि संध्याकाळी याची पानं मिटतात, पाऊस थेट खाली पडतो, म्हणून हे नाव. नाव कशावरून पडलं यासाठी स्प्रूसचा खुलासाच जास्त पटतो, पानं मिटण्याचं मत नंतर जोडल्यासारखं वाटतं, जरी बाकावर बसून संध्याकाळी बघायला मिळतं ते पानं मिटणंच.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईतले बरेच रेन ट्री पिठ्या ढेकणाच्या किडीने वाळून मेले. फुटपाथचं काँक्रीट बुंध्यापर्यंत आल्याने आधीच दमलेली झाडं किडीला लवकर बळी पडतात असंही मत आहे आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. जोशींची जाती वेगळ्या ठेवायची कल्पना इथे आठवते, कारण शेजारच्या महोगनीला त्या किडीने फारसा हात लावला नाही.

महाराष्ट्रात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ च्या दुरुस्तीने अंदाजे ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज ट्री’ ठरवलं. तोडायचंच झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, तीही ६ ते ८ फुटांची, आणि ७ वर्षं जपायची. अडचण वयाची. उष्ण प्रदेशातल्या झाडांत खोडात दरवर्षी पडणारी वलयं भरवशाची नसतात, त्यामुळे बुंध्याचा घेर मोजून अंदाज करतात, आणि रेन ट्री तर झपाट्याने वाढतो, म्हणजे घेर बघून शंभरीचं वाटणारं झाड साठ-सत्तरीचंही असू शकतं. फाइव्ह गार्डन्समधली झाडं कुठल्याही हिशेबाने पन्नाशीच्या पलीकडची आहेत, पण एकेका झाडाचं नेमकं वय सांगायला लावणीची जुनी नोंदच लागेल.