आडेलहाइड: एका जर्मन नावाची हजार वर्षं

डिसेंबर 2003. ॲडलेडच्या मैदानावर अजित आगरकरने 41 धावांत 6 बळी घेतले, द्रविडने पहिल्या डावात 233 काढले आणि भारताने कसोटी जिंकली. तेव्हापासून 'ॲडलेड' हा शब्द आपल्या तोंडी पक्का बसला आहे. पण हे गाव ज्या बाईच्या नावावरून ओळखलं जातं, तिचं नाव इंग्रजी नव्हतं. ती जर्मनीतल्या माइनिंगेन या छोट्याशा संस्थानात 1792 साली जन्मली. माहेरचं नाव आडेलहाइड. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या चौथ्या विल्यमशी 1818 साली तिचं लग्न झालं. 1836 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत उभी राहिली, तेव्हा राजधानीला तिचं नाव देण्यात आलं, तेही फ्रेंच वळणाने इंग्रजीत आलेल्या रूपात.

नाव मात्र तिच्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. जर्मन लोक ते म्हणताना शेवटच्या 'ड'चा 'ट' करतात, म्हणजे कानाला 'आडेलहाइट' असं ऐकू येतं. जुन्या जर्मनमध्ये 'अडल' म्हणजे कुळ, थोर घराणं. आजच्या जर्मनमध्ये सरदार-उमरावांच्या वर्गाला 'आडेल' म्हणतात, ते याच शब्दाने. आइन्स्टाईनचं 'अल्बर्ट' हे मुळात 'अडलबेर्त', म्हणजे कुळाने उजळलेला. आल्प्सवर उगवणाऱ्या एडेलवाइस या पांढऱ्या फुलातला 'एडेल'ही याच घरातला.

खरी गंमत आहे ती 'हाइट' या दुसऱ्या तुकड्यात. जुन्या भाषेत 'हाइट' हा स्वतंत्र शब्द होता: रीत, प्रकार, दर्जा. नंतर त्याचं स्वतंत्र आयुष्य संपलं आणि तो प्रत्यय झाला. 'किंड' म्हणजे मूल, 'किंडहाइट' म्हणजे बालपण. 'फ्राय' म्हणजे मुक्त, 'फ्रायहाइट' म्हणजे स्वातंत्र्य. आपल्याकडे 'पण' किंवा 'त्व' जे काम करतात, तेच. इंग्रजीतल्या 'चाइल्डहूड'मधला 'हूड' त्याचाच भाऊ. याच शब्दाचं गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातलग भाषेतलं रूप 'हैदुस', आणि भाषेचे अभ्यासक त्याचं नातं थेट संस्कृत 'केतु'शी लावतात. हा केतू म्हणजे राहूचा जोडीदार असलेला ग्रह नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या सूर्यसूक्तात 'केतवः' म्हणजे सूर्याला वर आणणारे किरण. उजेड, मग ज्यामुळे वस्तू ओळखू येते ती खूण, मग खूण म्हणून ध्वज. धूमकेतू हा शब्द तिथूनच आला. 'दिसणं' या अर्थावरून 'प्रकार, रीत' या अर्थाकडे जर्मन भाषा वळली, आणि 'ध्वज' या अर्थाकडे संस्कृत. मला हे नातं पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी शब्दकोश मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये या नावाचा अर्थ 'कुलीन स्त्री' असा एका फटक्यात दिलेला असतो. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जुनी जर्मन नावं दोन तुकड्यांची असत आणि घराण्यात चालत आलेले तुकडे जोडून नवं नाव बनवलं जाई. त्यामुळे प्रत्येक नावाची फोड करून त्यातून एक सुसंगत वाक्य निघेलच असं नाही. आडेलहाइडच्या बाबतीत मात्र दोन्ही तुकडे छान जुळतात: कुलीनपण.

हे नाव युरोपभर गेलं त्यात सर्वात मोठा वाटा एकाच आडेलहाइडचा. बर्गंडीच्या राजाची ही मुलगी 931 च्या सुमारास जन्मली. इटलीचा राजा लोथार तिचा पहिला नवरा. तो 950 मध्ये वारला आणि गादी बळकावणाऱ्या बेरेंगारने या तरुण विधवेला कैदेत टाकलं. ती तिथून निसटली. 951 मध्ये जर्मन राजा पहिला ओटो आल्प्स ओलांडून आला आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. 962 मध्ये रोममध्ये दोघांना एकत्र सम्राटपदाचा अभिषेक झाला. नवरा गेला, मुलगा गेला, सून थेओफानू 991 मध्ये गेली, तेव्हा अजाण नातू तिसऱ्या ओटोच्या वतीने साठीतल्या या आजीने राज्य चालवलं. 999 च्या डिसेंबरात आल्सासमधल्या सेल्झ इथे ती वारली, आणि 1097 मध्ये पोपने तिला संतपद दिलं.

हार्झ पर्वतातल्या चांदीच्या नाण्यांवर तिचं नाव कोरलं गेलं. एका बाजूला क्रूस आणि त्याच्या कोनांत 'ओड्डो', म्हणजे ओटो, दुसऱ्या बाजूला चर्चच्या चित्राभोवती आडेलहाइडचं नाव. अक्षरं वेडीवाकडी, पण ओळखू येणारी. ही नाणी व्यापाराबरोबर पोलंड आणि स्कँडिनेव्हियापर्यंत पोचली, तिथल्या पुरलेल्या ठेव्यांत ती आजही सापडतात. तिच्या एका नातीला तिचंच नाव मिळालं, ती क्वेडलिनबुर्गच्या मठाची प्रमुख झाली. 1089 मध्ये कीव्हची राजकन्या येव्प्राक्सिया जर्मन सम्राटाशी लग्न करून आली, तेव्हा तिचं नावही आडेलहाइड ठेवलं गेलं.

फ्रेंच लोकांच्या तोंडी नाव झिजत गेलं. 'आडेलाइस', मग 'आलिस', आणि तिथून इंग्रजीत 'ॲलिस'. वसई-गोव्याकडे भेटणाऱ्या ॲलिसबाईंचं नाव मुळात या सम्राज्ञीच्याच नावाचं आहे. उत्तर जर्मनीत ते 'आलहाइट', 'आलके' झालं.

जर्मन मुलखात दुसरीकडे मात्र झीज उलट्या बाजूने झाली. 1880 मध्ये स्विस लेखिका योहाना श्पिरी यांची 'हायडी' ही कादंबरी आली. त्यात डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या पोरीचा बाप्तिस्मा झालेला असतो आडेलहाइड या नावाने, पण तिला सगळे हाक मारतात हायडी. फ्रँकफर्टच्या श्रीमंत घरातली कारभारीण तेवढी तिला पूर्ण नावाने बोलावते. त्या पोरीच्या हाकेच्या नावातून 'अडल', म्हणजे कुळच, गळून गेलं. उरला तो केतूचा सगोत्र तुकडा.