डुब्युकचं शिसं 'शोधलं' कुणी?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी डुब्युक हे गाव आहे. ज्युलियन डुब्युक या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याने इथलं शिसं शोधलं आणि आदिवासींकडून जमीन विकत घेऊन गाव वसवलं, अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती कागदावर टिकत नाही.

१७८८ साली इथल्या मेस्क्वाकी या आदिवासी जमातीच्या लोकांनी त्याला दिलेल्या परवानगीपत्रातच लिहिलंय की ही खाण पिओस्ता नावाच्या मेस्क्वाकी माणसाच्या बायकोला सापडली. म्हणजे शोधाचं श्रेय त्याच्या स्वतःच्याच कागदात दुसऱ्याच्या नावावर! खणायचं काम मुख्यतः मेस्क्वाकी बायकाच करत. उतारावर खड्डा खणून दगड लावायचे, लाकडं पेटवायची आणि खालच्या तोंडातून वितळलेलं शिसं बाहेर काढायचं.

जमीनविक्रीचंही तेच. १८५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: ती फक्त खाणकामाची मुभा होती, मालकी नव्हे.

आणि गाव? डुब्युक वारला १८१० मध्ये. गोऱ्यांच्या वसाहतीला हा भाग अधिकृतपणे खुला झाला जून १८३३ मध्ये, तोही सॉक आदिवासींचा नेता ब्लॅक हॉक याच्याशी झालेल्या अमेरिकेच्या युद्धानंतर मेस्क्वाकी आणि सॉक लोकांकडून जमीन काढून घेतल्यावर. मग खाणकऱ्यांची झुंबड उडाली.