नकोसं गंधक, हवंसं गंधक

कझाकस्तानच्या पश्चिमेला, कॅस्पियन समुद्राजवळ तेंगिझ नावाचं तेलक्षेत्र आहे. 1979 मध्ये सापडलेलं. तिथे चार किलोमीटर खोलवरून तेल वर येतं, ते हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोबत घेऊनच. हा वायू थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो. म्हणून तो वेगळा काढून त्याचं गंधक करतात. एके काळी तिथे लाखो टन पिवळंधमक गंधक उघड्यावर रचून ठेवलेलं होतं.

शेजारच्या काशागान या समुद्रातल्या तेलक्षेत्रात तर याच वायूने घात केला. समुद्र तिथे जेमतेम तीन-चार मीटर खोल, हिवाळ्यात गोठणारा. म्हणून कृत्रिम बेटं बांधून विहिरी खोदल्या. सप्टेंबर 2013 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांत पोलादी नळांना तडे गेले. नळ बदलून पुन्हा तेल निघायला 2016 उजाडलं.

आता देशाच्या दक्षिणेकडे, हजारभर किलोमीटरवर जाऊ. (देश अवाढव्य आहे: 27 लाख चौरस किलोमीटर, माणसं फक्त दोन कोटी.) जगातलं सुमारे 40 टक्के युरेनियम कझाकस्तानातून येतं, तेही बहुतेक याच भागातून. पण खाण म्हणून दाखवावं असं तिथे काहीच नाही. ओसाड माळ, त्यावर ओळीने बोअर.

फार पूर्वी ऑक्सिजनयुक्त भूजल युरेनियम विरघळवून वाळूच्या थरांतून वाहत होतं. ऑक्सिजन संपलेल्या पट्ट्यात पोचताच युरेनियम वाळूच्या कणांवर बसलं. वर-खाली चिकणमाती, मध्ये पाणी झिरपू देणारी वाळू. मग खोदायचं कशाला? एका बोअरमधून पातळ सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, शेजारच्यातून युरेनियम विरघळलेलं पाणी उपसायचं आणि रेझिनवर (युरेनियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर) ते पकडायचं. खर्च कमी, माणूस जमिनीखाली उतरत नाही. पण तिथलं भूजल त्यामुळे आम्लयुक्त बनतं, हा हिशोब स्वस्ताईच्या गप्पांत मागे पडतो. 2015 च्या करारानुसार भारतानेही इथून 5000 टन युरेनियम घ्यायचं ठरवलं होतं.

या सगळ्याला ॲसिड लागतं, आणि ॲसिड गंधकापासूनच होतं. काही ॲसिड तांबं-जस्ताच्या भट्ट्यांच्या धुरातल्या गंधकातून मिळतं, काही गंधक जाळून. खतांचे कारखानेही तेच मागतात. गंधक देशात आहे, पण त्याचं ॲसिड करणारे कारखाने अपुरे. 2024 मध्ये काझातोमप्रोम या सरकारी कंपनीला युरेनियमचं ठरवलेलं उत्पादन घटवावं लागलं, त्यामागे ॲसिडची टंचाई हे एक मोठं कारण होतं. आता तुर्किस्तान प्रांतात वर्षाला 8 लाख टन ॲसिडचा नवा कारखाना उभारायला घेतला आहे.